लवूदादा, इंजिनावर मी होते

रत्नागिरी
१८ फेब्रुवारी २०२४

लवूदादा,

मी फोन उचलत नाही म्हणून तू आमच्या ह्यांना फोन केलास. ते बिचारे स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "अगं, सख्खा भाऊ आहे, बोल ना." मी भाकऱ्या भाजत होते. म्हटलं, लिहीन. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकत राहते, ती लहानपणापासूनची सवय आहे. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

वेदिकाने तुझा व्हिडिओ पाठवला. तुझ्या मराठी चॅनेलवरचा नाही. त्यावरचे तर बाबा रोज बघतातच, आता आमच्याकडेच असतात ना. हा तुमच्या तिकडच्या रेल्वे क्लबातला, इंग्रजीतला. "आई, मामा बघ किती मनापासून बोललाय," असं तिने खाली लिहिलं होतं. पोरीला काय माहीत! ती नर्स म्हणून लीड्सला आली तेव्हा तू विमानतळावर गेलास, तिला थंडीचा कोट घेऊन दिलास. तिच्या लेखी मामा म्हणजे देवमाणूस.

मनापासून बोललास हे खरं. कोकणातलं आपलं गाव, पानवलच्या पुलाचे उभे राहणारे खांब, कातळावर बसून ते बघणारा मुलगा. त्या कातळावर आपण दोघं बसायचो. तुझ्या भाषणात तू एकटाच बसला होतास. तेही मी सोडून दिलं. मग तू सांगितलंस की तुला इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं, परीक्षाही पास झालास, आणि डोळे तपासायच्या दिवशी डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. इतरांना त्या ठिपक्यांत आकडा दिसतो, तुला नुसते ठिपके दिसले. लाल कुठला नि हिरवा कुठला, तुला ओळखता येत नाही. त्याच दुपारी त्यांनी तुला परत पाठवलं. घरी काय सांगायचं म्हणून तू परळला मित्राच्या हार्डवेअरच्या दुकानात दोन महिने काढलेस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत होती.

मी व्हिडिओ मागे घेतला आणि परत ऐकला. त्याच दुपारी. म्हणजे दोन महिने करून सोडलं म्हणालास, त्या ट्रेनिंगला तू कधी गेलाच नाहीस.

आठवतं का पुढच्या वर्षीचं? मी तीच परीक्षा पास झाले. डोळेही तपासून झाले. पॉलिटेक्निकमधून निघालेली आपल्या वाडीतली पहिली पोर आता इंजिनावर चढणार म्हणून बाबांनी घरोघर पेढे वाटले. मग शिमग्याला तू मुंबईहून आलास. पालखी आपल्या अंगणात होती. तू सगळ्यांसमोर बाबांना म्हणालास, "बाबा, दमीला पाठवू नका. मी दोन महिने ट्रेनिंग केलंय. ड्युटी संपली की ड्रायव्हर लोक जिथं झोपतात तिथं पोरींना वेगळी खोली नसते. एका पोरीचं काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सांगवत नाही."

बाबांनी विचारलं, "खरं काय रे लवू?"

आणि तू पालखीवर हात ठेवलास.

माझ्या डोळ्यांनी म्हणालास. कुठल्या डोळ्यांनी रे?

वैशाखात माझं लग्न लावून दिलं. नवरा चांगला मिळाला, त्यात तुझं काही कर्तृत्व नाही. आता स्टेशनजवळ कुवारबावला घरालाच लागून माझी खानावळ आहे आणि गाड्या चालवणारेच माझ्याकडे जेवतात. त्यांत शमिका म्हणून एक पोर आहे, सहाय्यक लोको पायलट. तिला मी एकदा विचारलं, "तुम्ही झोपता कुठं गो?" ती म्हणाली, "आमची वेगळी खोली असते काकू, कडी आतून." आणि सोलकढी मागितली. एवढं साधं उत्तर. मला ते विचारायला कुणी दिलंच नाही.

तिकडच्या लोकांना अर्धी गोष्ट सांगितलीस. ज्या तोंडाने ती सांगितलीस त्याच तोंडाने उरलेली सांग. नाहीतर काय, ते मी अजून ठरवलेलं नाही.

दमयंती


रत्नागिरी
९ एप्रिल २०२४

लवूदादा,

तुझं उत्तर आलं. पानंच्या पानं लिहिलीस. "मी तेव्हा पोरसवदा होतो" असं लिहितोस. बावीस वर्षांचा घोडा होतास. "शेवटी तुझ्या भल्याचंच झालं" हे वाक्य तू खोडलंयस, पण पेन दाबून खोडायला हवं होतंस, वाचता येतं. सगळ्या पानांत एकच वाक्य खरं आहे. "तू इंजिनात उभी आणि मी खाली फलाटावर, हे मला बघवलं नसतं." ते वाचलं, पत्राची घडी घातली आणि बांगड्याचं कालवण फोडणीला टाकलं. मीठ जास्त पडलं. जेवणाऱ्यांनी जास्तीचा भात मागितला.

शेवटी लिहिलंयस, "बाबांना सांगू नकोस, ह्या वयात त्यांना सहन होणार नाही."

तू घाबरलायस हे कळल्यापासून मला झोप चांगली लागते.

परवाची गोष्ट ऐक. बाबा पडवीत मोबाइल धरून बसले होते. तू कुठल्यातरी बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून बोलत होतास. त्यांनी हाक मारली, "दमे, ये गो, बघ लवू कुठं जाऊन उभा ऱ्हायलाय!" मी ओल्या हातांनी त्यांच्या मागे उभी राहिले. शेजारच्या हौसाकाकी आल्या होत्या. त्यांना बाबा नेहमीचं सांगू लागले. "लवूनं वेळेवर सांगितलं म्हणून माझी पोर वाचली. नायतर काय झालं असतं कुणास ठाऊक." ते हे कधीपासून सांगतायत माहीत आहे ना? प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मी तिथेच उभी असते आणि वाचलेली पोर म्हणून लोक माझ्याकडे बघतात.

माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं. तुझ्यासाठी नाही गिळलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते पुसायचं तर ते तू पुसावंस, मी का म्हणून?

दुसरं, मे महिन्यात मी वेदिकाकडे येतेय. तू लिहितोस की आमच्याकडे राहा, तुला सगळे पूल दाखवतो, नम्रताही वाट बघतेय. वहिनीला माझा नमस्कार सांग, तिच्यावर माझा राग नाही. पूल मला बघायचेच आहेत. तुझ्याबरोबर नाही.

मला शोधायला येऊ नकोस. मी तुला शोधीन.

दमयंती


लीड्स
२७ मे २०२४

लवूदादा,

पत्र आता तुला एका दिवसात मिळेल. एवढ्या जवळ आहे मी.

वेदिका रोज विचारते, "आई, मामाला का नाही कळवायचं?" मी म्हणते, "त्याला कामं असतील." तिची सुट्टी असते तेव्हा आम्ही दोघी सकाळी डबा घेऊन निघतो. थालीपीठ आणि लोणचं. ती म्हणाली, गाडीत वास येईल. म्हटलं, येऊ दे.

आधी तुझा तो फोर्थचा पूल बघितला, एडिनबराच्या पुढचा. समुद्राचं पाणी आत शिरलेलं, आपल्या भाट्याच्या खाडीसारखं पण काळपट, आणि त्यावरून तो लोखंडाचा डोंगर गेलेला. गाडी त्यावरून जाताना काडेपेटीएवढी दिसते. मी बाकावर बसून राहिले. एक गाडी गेली की पुढची येईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं आणि गाड्या येतच राहिल्या. वेदिका थंडीने कुडकुडत होती.

तुझ्या व्हिडिओत तू त्या पुलाला "रक्तासारखा लालभडक" म्हणालास. कुणी सांगितलं तुला? वहिनीने? तुला तो कसा दिसतो रे? चिखलासारखा? मला लाल दिसला. ऊन उतरत गेलं तसा आणखी लाल होत गेला. मी मुद्दाम पोटभर बघून घेतला.

मग रिबलहेडला गेलो. तिथे माझी मस्ती जरा उतरली. आजूबाजूला काही नाही. झाड नाही, घर नाही, नुसतं गवत आणि मेंढ्या, आणि त्या उजाड माळावरून दगडी कमानींची रांग वळत गेलेली. वारा असा की पदर धरू की स्वेटर, कळेना. आपला पानवलचा पूल ह्याच्याहून कितीतरी उंच, पण तो झाडीत असतो, दरीत असतो. ह्याला लपायला जागाच नाही. तो बांधताना मेलेल्या मजुरांना जवळच्या चर्चच्या आवारात पुरलंय. तिथे पाटी आहे. बायकापोरं घेऊन ते लोक ह्या वाऱ्यात झोपड्या बांधून राहत होते. आपल्याकडे खांब चढत होते तेव्हा आई त्या कामगारांच्या बायकांना कोकमं द्यायची, आठवतं?

कुंपणाशी तुझ्यासारखे गाडीवेडे बसले होते. घडीच्या खुर्च्या, थर्मास, गळ्यात दुर्बीण. एका म्हाताऱ्याने मला स्वतःची दुर्बीण दिली आणि बोट दाखवलं. दगड भरलेली लांब मालगाडी येत होती. ती कमानींवर आली आणि माझ्या तोंडून आरोळी गेली. खरीखुरी, गावात मारायचो तशी. मेंढ्यांनी माना वर केल्या. वेदिका बघत राहिली. "आई, तुला गाड्या एवढ्या आवडतात? तू कधी बोलली नाहीस."

काय सांगणार होते तिला? मी म्हटलं, "लहानपणी आवडायच्या."

जवळच्या लहान स्टेशनात अजून जुने सिग्नल आहेत, पाटीच्या हातांचे. हात वर उचलला की गाडी निघणार, आडवा की थांबणार. तिथे उभी असताना माझ्या लक्षात आलं की ह्यात रंग बघावाच लागत नाही. हात कुठे आहे तेवढं बघायचं. मग तुझे सगळे व्हिडिओ डोळ्यांसमोर आले. सगळ्या अशाच जुन्या लाइनी, असेच सिग्नल. तुला कळतं तेवढंच तू इतकी वर्षं धरून बसलायस. मला वाईट वाटलं. लांबून एक गाडी शिटी देत आली आणि ती जाईपर्यंत वाईट वाटणंही गेलं.

दमयंती


लीड्स
१६ जून २०२४

लवूदादा,

कालचं तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतास. तरी लिहिते. तू हे कुणाला सांगशील तेव्हा वेगळं सांगशील, तुझी सवय मला माहीत आहे.

तुमच्या क्लबाच्या त्या जुन्या लाइनीवर हौशी माणसाला एक दिवस वाफेचं इंजिन चालवायला देतात, हे मला तुझ्याच व्हिडिओतून कळलं. तू त्यात म्हणालास, "माझ्या डोळ्यांमुळे मला परवानगी नाही, पण दर शनिवारी मी इथे तिकिटं फाडतो, तेवढंच पुरे." वेदिकाने माझं नाव नोंदवलं ते माझ्या सासरच्या आडनावाने, तुमच्या लोकांना आपलं नातं कळू नये म्हणून. तिला वाटलं, मामाला अचानक आनंदाचा धक्का द्यायचाय.

मला शिकवायला मॉरीन होती. साठीच्या पुढची, हातावर जुने भाजल्याचे डाग. आयुष्यभर मोठ्या गाड्या चालवून निवृत्त झालेली. ती भेटल्यावर आधी मला राग आला. ह्या बाईला कुणी भाऊ नव्हता का, असं मनात आलं.

इंजिन लहानसं, हिरवं. तुला सांगून ठेवते, हिरवं. आत तोंडावर भट्टीची आच आणि पाठीला गार वारा. एक दांडा ओढला की वाफ सुटते, दुसऱ्याने ब्रेक. मॉरीनने माझ्या हातावर हात ठेवून पहिल्यांदा तो दांडा ओढला. काही झालं नाही. मग कुठूनतरी खालून धक्का आला, आणि ते सगळं लोखंड माझ्या हाताने हललं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला भूक लागली. खरंच सांगते, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि त्या क्षणी सडकून भूक लागली.

दोन फेऱ्या झाल्यावर मॉरीनने हात काढून घेतला. तिसऱ्या फेरीला फलाट जवळ आला आणि तू दिसलास. फलाटावरच्या पुलाच्या पायरीवर कॅमेरा लावून आमचीच गाडी टिपत होतास. मी शिटीची साखळी ओढली. मॉरीन हसली, पुरे म्हणाली. मी परत ओढली. तू कॅमेऱ्यातून डोळा काढलास. तुझं तोंड बघण्यासाठी मी इतक्या लांबून आले होते.

गाडी थांबली. तू धावत आलास. "दमे! तू? अगं, तू चालवलीस?"

मी खाली उतरले. तुमचे ते लोक जमले, चहाचे मग घेऊन. मॉरीनने मला विचारलं, हात एवढा बसलेला आहे, कुठे शिकलीस, एवढी आवड तर रेल्वेत का नाही गेलीस? मी मान हलवून सांगितलं, नो इंग्लिश, मराठी. मला इंग्रजी कळतं, मॉरीनशी मात्र दिवसभर खुणांनीच चाललं होतं. तुलाही ते माहीत आहे. मॉरीन वेदिकाकडे वळली तेव्हा मी म्हटलं, "वेदिका, तू नको. मामा सांगेल."

तुला वाटलं, मी तुला मान देतेय. तू छाती काढून पुढे झालास.

"दमे, ती विचारते, तुला एवढी आवड होती तर तिकडे रेल्वेत का नाही गेलीस?"

मी तुझ्याकडे बघून सावकाश सांगितलं, "मी परीक्षा पास झाले होते. माझ्या भावाने खोटं बोलून मला जाऊ दिलं नाही."

तू त्यांना इंग्रजीत सांगितलंस, घरची परिस्थिती तशी नव्हती.

"नाही दादा," मी म्हटलं, "मी असं नाही बोलले. परत सांग."

"दमे, इथं नको. हे माझे लोक आहेत."

"आणि त्या दिवशी अंगणात होते ते कुणाचे लोक होते? सांग."

वेदिका माझ्याकडे बघत होती. तिला हे सगळं त्या फलाटावर पहिल्यांदा कळत होतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

तू सांगितलंस. एकेक वाक्य मी बोलायचं, एकेक तू त्यांना सांगायचं. पुलाजवळचा कातळ, परीक्षा, पेढे, पालखी. "भावाने" म्हणताना तू "तिच्या भावाने" म्हणालास. मी म्हटलं, "कुठला भाऊ ते सांग." तू मान खाली घातलीस आणि म्हणालास, मी. आय एम द ब्रदर.

तुझ्याबरोबर दर शनिवारी चहा पितो तो दाढीवाला, त्याने हातातला मग उपडा करून चहा रुळावर ओतला आणि आत गेला. मॉरीन तुझ्याकडे बघत राहिली. मग तुझ्याकडे पाठ करून तिने मला हाताने खूण केली, अजून एक फेरी?

मी चढले. तू तिथेच उभा होतास, इंजिनाला चिकटून, हात लोंबत.

"मागे सरक दादा," मी म्हटलं. "गाडी सुटतेय."

तू सरकलास.

छान वाटलं. उगाच कशाला खोटं बोलू? तुला बघवलं नसतं म्हणालास ते तुला बघायला लावलं, आणि छान वाटलं.

परत येताना वेदिका खिडकीतून बाहेर बघत बसली होती. घर आलं तेव्हा म्हणाली, "आई, तू मला भेटायला आली होतीस की ह्यासाठी?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"मला सांगितलं असतंस तर मीसुद्धा तुझ्या बाजूनेच उभी राहिले असते ना. तू मला नुसतं फॉर्म भरायला वापरलंस."

ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. हे तुला सांगायला नको होतं. पण लिहून झालंय.

दमयंती


रत्नागिरी
११ ऑगस्ट २०२४

लवूदादा,

तू बाबांना फोन करून सगळं सांगितलंस. मी बाजारात गेले होते, तेव्हाच केलास. चांगलं केलंस, माझ्यासमोर तुझी जीभ वळली नसती.

परत आले तर बाबा पडवीत बसलेले. मोबाइल बाकावर उलटा. मी विचारलं, "जेवलात काय?" ते म्हणाले, "लवूचा फोन आला व्हता." दोन वेळा जेवले नाहीत. तिसऱ्या वेळेला मी पेज करून नेली तेव्हा म्हणाले, "तुला कदी कळलं?"

"फेब्रुवारीत."

"मला का नाय सांगितलंस?"

मी म्हटलं, "तुम्ही तरी मला कुठं काय विचारलंत तेव्हा?"

हे मला बोलायचं नव्हतं. लवूदादा, इतके महिने मी फक्त तुझ्यावर जळत होते, आणि त्या क्षणी पेजेचं भांडं हातात धरून मला दिसलं की तू खोटं बोललास खरा, पण त्यांनी मला बाजूला घेऊन एकदाही विचारलं नव्हतं. दमे, तुझं काय म्हणणं आहे, एवढं चार शब्दांचं. बाबांनी पेज घेतली. प्यायले. पातेलं खाली ठेवताना म्हणाले, "नाय विचारलं. चुकलं माझं."

गणपतीला तू वहिनीला घेऊन येणार होतास, तिकिटं काढलीयस, असं ह्यांच्याकडून कळलं. बाबांनी सांगितलंय, येऊ नकोस. "त्याला सांग, ह्या वर्षी मला तोंड दाखवू नको." ह्यांनी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. बाबा माझ्याकडे बघत होते. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं, मला ते दिसत होतं.

मी वाटाणे सोलत राहिले.

दमयंती


रत्नागिरी
३० ऑगस्ट २०२४

लवूदादा,

हे पोस्टात टाकलं तर गणपती होऊन जातील. फोटो काढून वेदिकाकडे पाठवतेय, ती तुला देईल. ती आता माझ्याशी बोलते. तुझ्याशीही बोलते, मला माहीत आहे.

तू रोज फोन करतोस. बाबांचा मोबाइल मी माझ्याजवळ ठेवलाय, चार्जिंग बिघडलंय असं त्यांना सांगितलंय. पहिले काही दिवस त्यांनी विषय काढला नाही. मग सोमवारी चहा घेताना, माझ्याकडे न बघता विचारलं, "लवूचा फोन आला व्हता काय गो?"

मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मी परत नाही म्हटलं. तुझा फोन तेव्हा माझ्या पदराखाली थरथरत होता.

त्यांनी मान हलवली. "रागावला असंल. मीच येऊ नको म्हटलं ना." आणि उठून गोठ्याकडे गेले, जिथे आता गोठा नाही, नुसती जागा आहे. तिथे उभे राहिले. मला एकदाही विचारलं नाही, खरं काय गो म्हणून. मी सांगितलं ते त्यांनी धरलं. मला वाटलं होतं, तू असा तडफडलास, ते असे वाट बघत राहिले की माझं पोट भरेल. मी स्वयंपाकघरात येऊन बसले. शमिका जेवायला आली होती. "काकू, बरं नाही का?" म्हणाली. मी तिला वाढायचंच विसरले होते.

इतकं सोपं असतं काय रे, त्यांच्याशी खोटं बोलणं? तुला तेव्हा पालखीवर हात तरी ठेवावा लागला. मला तेवढंही करावं लागलं नाही.

काल सकाळी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बाबा, लवूदादाचा फोन रोज येतो. मी खोटं सांगितलं. मोबाइलही चांगला आहे." आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं ओरडतील. मला तेच हवं होतं. ते म्हणाले, "दोगंबी माझीच." आणि मोबाइल उचलून मलाच परत दिला. "मला ते बटण सापडत नाय. तू लावून दे."

लावून दिला नाही. म्हटलं, रविवारी.

तर रविवारी सकाळी फोन कर, आपल्याकडे सकाळ असेल तेव्हा, त्यांचा चहा झाल्यावर. गणपतीला ये की नको, ते तुम्ही दोघं ठरवा. आलास तर तुझ्यापुढे पान वाढीन. मी तुला माफ केलेलं नाही. करीन असं वाटत नाही, आणि करायला लावू नकोस. वहिनीकरवी नाही, वेदिकाकरवी तर नाहीच.

मी फोन उचलीन, पण हॅलो म्हणणार नाही. सरळ त्यांच्या कानाला लावीन. तू "बाबा" म्हणून सुरुवात कर.

दमयंती